उत्साहात संपन्न

करंजाहून सकाळची लाँच रेवसच्या जेटीला लागली की उतारू आधी पिशव्या सावरतात, मग पाय टाकतात. आमचे गुरुजी आधी हात पुढे करतात. तो आधारासाठी नसतो. जेटीवरच्या चहाच्या टपरीपाशी मी पेपर उघडून बसलेला असतो, त्या पेपरासाठी तो असतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न, "काका, आली का?"

शेजारी बसलेल्या परक्या माणसाला वाटतं, कुणाची तरी पेन्शन अडकलीय, नाहीतर कुणाची बायको माहेरून यायचीय. आम्हाला माहीत आहे. आली का म्हणजे बातमी आली का. जिल्ह्याच्या पानावर निधनवार्तांच्या शेजारी आणि कोंबडीखाद्याच्या जाहिरातीच्या वर जी चार बोटं जागा उरते, तिच्यावर गुरुजींचा जीव आहे. बातमी आली असली तर ते दोघांचा चहा सांगतात. नसली तर स्वतःचाही अर्धाच पितात.

हे गुरुजी आमच्या बाजूच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा, एक गुरुजी, एक बाई. शाळेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ह्या लेखाचंही कात्रण होईल, फाइलला लागेल आणि पुढच्या तपासणीला 'शाळेची राज्यस्तरावर दखल' म्हणून साहेबांपुढे ठेवलं जाईल. माझी नात तिथे दुसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणजे चहाला आणि सह्यांना मला बोलावतात. त्यामुळे हे सगळं मला आतून ठाऊक.

गुरुजींचा सिद्धांत असा, की जे छापून आलं नाही ते झालंच नाही. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, पोरं पाढे छान म्हणतात हो. तेवढं पुरे आहे की." त्यांनी माझ्याकडे फार दुःखाने बघितलं. "काका, पाढ्यांचा फोटो कसा काढणार?"

त्यांच्या बातमीची एक भाषा आहे आणि ती आता त्यांच्या अंगात मुरलीय. कार्यक्रम नुसता होत नाही, तो संपन्न होतो, आणि उत्साहातच होतो. ग्रामस्थ येतात ते मोठ्या संख्येने. पाहुणे बोलत नाहीत, मौलिक मार्गदर्शन करतात. मागच्या वर्षी ते सासऱ्यांच्या दहाव्याला जाऊन आले. मी विचारलं, "काय, नीट पार पडलं ना सगळं?" तर तोंडातून 'उत्सा' एवढं बाहेर पडलंच. मग जीभ चावून ते खाडीकडे बघत राहिले.

'मोठ्या संख्येने' ही गोष्ट मात्र सोपी नाही. शाळेचा पट आहे 24. त्यात दोघंतिघं रोज बोटीवर, नाहीतर आजारी, नाहीतर मामाकडे. एवढ्या पोरांची गर्दी दिसावी म्हणून गुरुजींनी एक तिरका फोटो बसवलाय. उंच पोरं पुढे, त्यांच्या आड बारकी, मध्ये खिचडीवाल्या काकू, कडेला बाई, आणि गुरुजी स्वतः खुर्चीवर उभे राहून कोपऱ्यातून क्लिक करतात. "हसू नका, उत्साहात दिसा!" अशी आज्ञा असते. पोरं गोंधळतात. फोटोत ती अशी दिसतात, की आत्ता कुणीतरी त्यांना सुई टोचणार आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल हा गुरुजींचा हंगाम. तसा ह्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांचाच हंगाम असतो. मिठागरांत मीठ धरतं, बोंबील वाळायला काठ्यांवर चढतात, शेतातला पांढरा कांदा काढून त्याच्या वेण्या बांधतात, मोहोर गळून कैऱ्या दिसायला लागतात. आणि गुरुजींचे दिन पिकतात. 19 फेब्रुवारीला शिवजयंती, 27 ला मराठी भाषा गौरव दिन, 28 ला विज्ञान दिन, 8 मार्चला महिला दिन, 20 मार्चला चिमणी दिन, 21 ला वन दिन, 22 ला जल दिन. मार्चमध्ये एखादा दिवस रिकामा निघाला तर गुरुजी कॅलेंडर उलटसुलट करून बघतात, छापखान्याकडून काही राहिलं की काय.

एवढ्या दिनांना एवढे बॅनर आणायचे कुठून? त्यांनी एकच करून घेतलाय. वर शाळेचं नाव, खाली 'आपले सहर्ष स्वागत', मध्ये 'जागतिक', मग वीतभर कोरी जागा, मग 'दिन'. कोऱ्या जागेवर त्या त्या दिवशी कार्डशीटची पट्टी चिकटपट्टीने लावायची. अलीकडे जुनी पट्टी काढण्याचाही त्रास ते घेत नाहीत, वर नवी ठोकतात. यंदा महिला दिनाला गावातल्या बाया झकपक साड्या नेसून, गजरे माळून बॅनरखाली बसल्या. दुपारचा खाडीवरचा वारा सुटला आणि 'महिला' भुर्रकन उडून बांधावर गेली. खाली मागच्या वर्षीची पट्टी होती. गुरुजी तेव्हा खुर्चीवर उभे राहून फोटो काढत होते. मोबाइलच्या पडद्यात त्यांना बाया दिसत होत्या, अक्षरं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात तेवीस बाया छापून आल्या, डोक्यावर 'जागतिक चिमणी दिन'.

मला वाटलं, आता गावात काही खरं नाही. पण एकीनेही तक्रार केली नाही. एक जण तर म्हणाली, "चिमनी तं चिमनी, फोटू कसा आलाय बगा की!" जेटीवर मासळी विकणाऱ्या एकीने ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाबरोबर डब्यात ठेवलं. ह्या कात्रणाचं पुढे काम आहे, म्हणून सांगून ठेवतो.

मराठी भाषा गौरव दिन म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, साल 1912. त्या दिवशी गुरुजींनी बोलीभाषेवर जे भाषण केलं ते खरोखर चांगलं होतं. आपली आगरी बोली म्हणजे धन आहे, ती बोलायला लाजू नका, घोड्याला घोरा म्हणा, खाडीला खारी म्हणा, तीही मराठीच, असं ते म्हणाले. तिसरीतल्या एका पोरीने आजीची गोष्ट अस्सल आगरीत सांगितली. टाळ्या, फोटो, 'बोलीभाषेचा जागर'. दुसऱ्या दिवशी त्याच पोरीने वर्गात विचारलं, "गुरुजी, आज शाला कवा सुटंल?"

"शाला नाही, शाळा म्हण!"

पोरगी जराशी थांबली नि म्हणाली, "म्हंजे कालचा दिन संपला का?"

बाई फळ्याकडे तोंड करून खूप वेळ काहीतरी पुसत राहिल्या. फळा कोरा होता.

तो दुसरा दिवस विज्ञान दिनाचा. गुरुजींनी सी. व्ही. रामन यांची गोष्ट सांगितली. 1921 साली ते युरोपातून बोटीने परत येत होते, भूमध्य समुद्राचा गर्द निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला, की पाणी निळं का? आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, हे उत्तर त्यांना पटेना. त्या शोधाशोधीतून पुढे 28 फेब्रुवारी 1928 चा तो शोध लागला, आणि 1930 साली नोबेल मिळालं. पोरं तोंड उघडी ठेवून ऐकत होती. खिडकीतून खाडी दिसत होती. चौथीतला एक पोरगा, ज्याचा बाप बोटीवर असतो, उठून म्हणाला, "रामनसाएब आपले खारीन आलाच नसंल."

"का रे?"

"आपलं पानी चायसारखं हाय. त्याला शोद लागलाच नसता."

गुरुजी म्हणाले, "बस खाली." आधी फोटो झाला. पण घरी जाताना त्यांनी किनाऱ्यावर पडलेली एक काचेची बाटली उचलली, खाडीचं पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीत ठेवली. हात लावायचा नाही, हलवायची नाही, रोज नुसती बघायची. चार दिवसांनी तळाशी बोटभर गाळ बसला आणि वर पाणी निवळशंख झालं. "हा बघा रंग. हा पाण्याचा नाही, गाळाचा आहे. अंबा नदी आणते, पाताळगंगा आणते, आणि भरती-सुकती त्याला खाली बसू देत नाही. म्हणून जेटीपाशी साचतो, म्हणून आपली लाँच अडकते." चोवीस पोरं त्या बाटलीभोवती इतकी गप्प उभी होती, की मला बाहेर व्हरांड्यात घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कुणीतरी हळूच बाटली हलवली. पाणी पुन्हा चहासारखं झालं. सगळे "आ" करून ओरडले. मग पुन्हा चार दिवस वाट बघणं आलं.

मी म्हटलं, "गुरुजी, ह्याला म्हणतात विज्ञान दिन. फोटो काढला का?"

ते हळू आवाजात म्हणाले, "कसा काढू काका? बाटली दारूची आहे."

आता एका पाहुण्यांचं सांगतो. स्नेहसंमेलन फेब्रुवारीत झालं. पाहुणे उरणच्या बाजूचे, चांगले वजनदार, दोन्ही अर्थांनी. कार्यक्रम दुपारी चारचा. आता गंमत अशी, की जिल्ह्याचं पान संध्याकाळी लवकर लागतं, म्हणून वार्ताहराला मजकूर दुपारीच लागतो. त्यामुळे गुरुजी बातमी आदल्या दिवशी लिहितात. पाहुणे काय बोलणार हे त्यांना माहीत असतं, कारण पाहुणे तेच बोलतात.

त्या दिवशी सुकतीची वेळ कुणी बघितली नाही. पाहुण्यांची लाँच जेटीपासून हाकेच्या अंतरावर आली आणि गाळात बसली. इंजिनाने धूर काढला, तांडेलाने बांबू लावून बघितला, लाँच ढिम्म. आता भरती येईपर्यंत देवाचं नाव. पाहुण्यांना जेटी दिसत होती, मंडप दिसत होता, लाउडस्पीकर तर करंजापर्यंत ऐकू जात होता. दोन तास त्यांनी लाँचमध्ये बसून सगळं संमेलन पाहिलं. कोळीनृत्याला त्यांनी तिथून टाळ्या वाजवल्या म्हणे. बक्षिसं शेवटी खिचडीवाल्या काकूंच्या हस्ते वाटली. पाणी वाढलं तेव्हा अंधार पडला होता. लाँच हलली ती थेट माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत: 'प्रमुख पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना जीवनातील वेळेचे महत्त्व या विषयावर मौलिक मार्गदर्शन केले.'

मी गुरुजींना म्हटलं, आता त्यांचा फोन येईल. आलाच. पाहुणे भलतेच खूश होते. कात्रण त्यांनी मोबाइलच्या स्टेटसला लावलं होतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका शाळेत ते त्याच विषयावर प्रत्यक्ष बोलले, आणि आपण रेवसला काय सांगितलं होतं त्याचा दाखला दिला.

गुरुजींना ह्यात काही वावगं वाटत नाही. आणि मी तरी त्यांना कोणत्या तोंडाने बोलू? रेवस-करंजा पुलाच्या बातम्या मी तरुण होतो तेव्हापासून वाचतोय. अंतुलेसाहेब मुख्यमंत्री होते, कोलाबा जिल्ह्याचं रायगड झालं त्या 1981 च्या सुमाराची गोष्ट. सागरी महामार्ग होणार, रेवसवरून थेट रेड्डीपर्यंत जाणार. त्याच्या बातम्या वाचत माझे केस पिकले, आणि आता कुठे पुलाचं काम हाती घेतलंय. तोवर खाडीपलीकडे जायचं तर लाँच, नाहीतर वडखळचा वळसा. गुरुजी तर बिचारे फक्त एक दिवस आधी लिहितात.

"रेवसचं नाव पेपरात आलं पाहिजे, काका," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते पलीकडच्या काठावरचे, शिवाय वयाने लहान, म्हणून मी काही बोलत नाही. माझ्या वडिलांना हे वाक्य सोसलं नसतं. रेवसचं नाव देशभरच्या पेपरांत एकदा येऊन गेलंय. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली. 600 हून अधिक माणसं गेली. त्यानंतर आमच्या घरात कितीतरी वर्षं पेपर उघडला की म्हातारी माणसं आधी एवढंच बघत, की गावाचं नाव कुठे नाही ना. नसलं की सुपारी कातरायला घेत.

असो. पोरांच्या बाजाराकडे येतो, कारण यंदाचं सगळ्यात मोठं यश ते. बाल आनंद मेळावा म्हणतात त्याला. पोरांनी घरून माल आणून शाळेच्या अंगणात विकायचा, म्हणजे व्यवहारज्ञान वाढतं. शहरातल्या शाळांत म्हणे पोरं सँडविच विकतात. आमच्याकडे सुकट, वालाच्या शेंगा, चिंचा, अंडी आणि पांढरा कांदा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते गुरुजींनी पुठ्ठ्यावर लिहून लावायला सांगितलं होतं. चौथीच्या हुशार पोराने 'भोगलीक मानकांद' लिहिलं. गुरुजी दुरुस्त करायला गेले, पण बाई म्हणाल्या, राहू द्या, बरोबर आहे.

केंद्रप्रमुख साहेब पाहणीला आले होते. ते फिरत फिरत त्या तिसरीतल्या आगरी पोरीसमोर थांबले. ती पाय दुमडून बसली होती, पुढ्यात कागदावर सुकटीचे वाटे. प्रत्येक वाटा ती दोन्ही हातांनी असा काही सैल रचत होती, की मूठभर सुकट डोंगराएवढी दिसावी. ही विद्या पुस्तकात नाही. साहेबांनी विचारलं, "वाटा केवढ्याला?"

"वीस."

"दोन वाट्यांचे किती?"

"चालीस."

साहेब खुलले. त्यांना वाटलं, गुणाकार तपासावा. "शाब्बास. आणि सात वाटे घेतले तर?"

पोरीने आधी वाट्यांकडे बघितलं, मग साहेबांकडे. "सात नायत. तीनच हायत. घ्याचेत का तुमाला?"

"नाही, समज, सात आहेत..."

"समजून काय करू? मागं मानसं उबी हायत, साएब."

साहेबांनी तीन वाटे घेतले. साठ रुपये दिले. घासाघीस करायचं त्यांना सुचलंच नाही. पोरीने नोटा मोजून कंबरेला खोचल्या आणि उठून परकर झाडला. तिचा बाजार संपला होता. गुरुजींच्या बातमीत आलं: 'विद्यार्थ्यांच्या गणिती संकल्पना दृढ झाल्याबद्दल मान्यवरांनी समाधान व्यक्त केले.' मान्यवर समाधान व्यक्त करत होते तेव्हा त्यांच्या गाडीत सुकटीचा वास सुटला होता.

मार्च लागला की सकाळची शाळा. त्या दिवसांत गुरुजींनी पोरांना सासवण्याला नेलं, करमरकरांचं शिल्पालय दाखवायला. इथून काही लांब नाही. नानासाहेब करमरकर तिथलेच, जन्म 1891 चा. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कलेक्टर ऑटो रॉथफील्डसाहेबांची त्यावर नजर पडली, त्यांनी पोराला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये धाडलं, आणि त्याच पोराने पुढे 1928 साली पुण्याचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला. पोरांना तिथली म्हैस फार आवडली. एकाने तिला दुधाचं विचारलं.

गुरुजींच्या मनात मात्र दुसरंच बसलं. परतताना टेम्पोत ते मला म्हणाले, "काका, बघा. भिंत होती, चित्र होतं, आणि साहेबाची नजर पडली. पेपरसुद्धा लागला नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या कंपाउंडची भिंत पोरांना मोकळी करून दिली. काढा काय काढायचं ते. फुलं निघाली, झेंडे निघाले, एक गणपती निघाला. खाडीला रामनसाहेब जोडणाऱ्या त्या चौथीतल्या पोराने गाळात बसलेली लाँच काढली. आत एकटाच माणूस, भला थोरला, टाळ्या वाजवतोय. पाणी अर्थातच चहाच्या रंगाचं.

गुरुजी भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, चुना मागवणार. पण त्यांनी पोराकडून ब्रश घेतला, तपकिरी रंगात बुडवला आणि लाँचच्या खाली गाळाची एक जाड रेघ आणखी ओढली. "इथे जास्त असतो," म्हणाले. ह्या भिंतीचा फोटो त्यांनी कुठेही पाठवला नाही. पाहुणे परत यायचे आहेत.

आता पटाचं. इतका वेळ मी हसत होतो, पण ह्या आकड्यापाशी आलं की गुरुजींची ती धावाधाव वेगळी दिसायला लागते. पट 24. चौथीतली सात पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार. उरले 17. 2023 साली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचं पत्र निघालं होतं, तेव्हापासून वीस हा आकडा आमच्याकडच्या मास्तर लोकांना रात्री दचकवून उठवतो. गावात रोज सकाळी पिवळी व्हॅन येते, टाय लावलेली पोरं घेऊन इंग्रजी शाळेला जाते. टायसमोर तुमचं मौलिक मार्गदर्शन काय टिकणार?

'गुढीपाडवा, पट वाढवा' ही सरकारी घोषणा आहे, यमक चांगलं जमलंय. पाडव्याला प्रभातफेरी निघाली. चोवीस पोरांची फेरी गावातून जायला तीन मिनिटं लागतात, म्हणून गुरुजींनी ती दोनदा फिरवली. दुसऱ्या वेळी उलट बाजूने, म्हणजे दुसरीच शाळा वाटावी. नंतर घरोघर. गुरुजी पुढे, बाई मागे, मी समितीचा म्हणून सगळ्यात मागे. चार घरी चहा मिळाला, दोन घरी पोर मिळालं. पाचव्या घरी ती मासळीवाली. धाकटा सहा वर्षांचा, व्हॅनवाल्याशी बोलणं झालेलं. गुरुजींनी गणवेश मोफत, पुस्तकं मोफत, खिचडी मोफत, सगळं सांगून झालं. बाई तिच्याशी वेगळ्याच गोष्टी बोलत होत्या, पोराला झोप कधी येते, भात खातो का. मासळीवाली उठली, डबा काढला, पिशवीतून ते चिमणी दिनाचं कात्रण काढलं आणि नवऱ्यासमोर धरलं.

"व्हॅनवाल्यानं माझा फोटू कदी छापला?"

नवरा काय बोलणार? नाव लागलं.

एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला. 'पहिले पाऊल' म्हणतात. नव्या पोरांचं औक्षण करायचं, वेगवेगळ्या टेबलांवर उड्या मारायला, रंग ओळखायला, वस्तू मोजायला लावायचं, आणि कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसा घ्यायचा. मासळीवालीच्या धाकट्याने ताटात दोन्ही पाय घातले, लाल झालेले बघितले आणि बोंब ठोकून पळाला. व्हरांडा, अंगण, फाटक, थेट जेटीच्या रस्त्यापर्यंत छोटे छोटे लाल पाय. मागे गुरुजी, एका हातात कागद, दुसऱ्या हातात मोबाइल. पोरगा आईच्या टोपलीमागे लपला तेव्हा त्यांनी आधी कागद पुढे केला. मोबाइल खिशात राहिला. ठसा उमटला, जरा तिरका. फोटो निघालाच नाही. तो नंतर बाईंनी काढला, नुसत्या व्हरांड्यातल्या पावलांचा.

1 मेला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, चौथीची सात पोरं हातात लिमलेटच्या गोळ्या घेऊन बाहेर पडली. पहिलीची नावं पाच. पट 22.

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही गुरुजी पहिल्या लाँचने आले. हात पुढे. "काका, आली का?" मी पान उलटून दाखवलं. त्या दिवशी पानभर प्लॉटची जाहिरात होती. तिसऱ्या दिवशी लग्नसराई. अजून आलेली नाही.

तुमच्या ओळखीत जिल्ह्याच्या पानाचा कुणी वार्ताहर असेल तर कळवा. फोटो तयार आहे, लाल पावलांचा. बातमी तर गुरुजींनी पाडव्याच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. फक्त आकड्याची जागा कोरी होती, ती आता भरलीय.